उठावे आणि कोल्हापूरला जावे: शिकलेल्या गावी रेल्वेने एक दिवस

कोल्हापुरात शिकलेल्या आणि आता मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा किंवा पुण्यात स्थिरावलेल्या माणसाला वर्षातून एकदोनदा तरी अचानक तिकडे जाऊन यावेसे वाटते. बहुतेक वेळा ते वाटणे "पुढच्या महिन्यात सगळे मिळून जाऊ" या वाक्यापाशी संपते. सगळ्यांना सोयीची तारीख कधीच सापडत नाही आणि वर्षे निघून जातात. आदल्या रात्री मनात आलेली सहल दुसऱ्या दिवशी रेल्वेने पार पाडायची असेल, तर काय कोणत्या क्रमाने करावे, हे या लेखात सांगितले आहे. मी शिवाजी विद्यापीठात दोन वर्षे शिकलो आणि त्यानंतर गेल्या काही वर्षांत अशा पाचसहा फेऱ्या केल्या. त्यांपैकी दोन पुरत्या फसल्या, आणि पुढच्या सूचनांमधल्या बऱ्याचशा त्या दोन फेऱ्यांनी शिकवलेल्या आहेत.

आधी परतीची गाडी ठरवावी

अचानक निघणारा माणूस प्रथम जाण्याची गाडी पाहतो आणि तिथेच चुकतो. जाण्याची गाडी चुकली तर फार तर दोन तास कमी मिळतात, पण परतीची चुकली तर दुसऱ्या दिवशीची रजा जाते. म्हणून वेळापत्रक उघडल्यावर पहिल्यांदा कोल्हापुरातून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्या पाहाव्यात, त्यांतली एक पक्की करावी, तिच्याआधीची एक मनात ठेवावी आणि त्यानंतरच सकाळकडे वळावे.

कोल्हापूरचे स्थानक, म्हणजे श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, हे शेवटचे स्थानक आहे. १८९१ साली मिरजेहून इथवर लोहमार्ग आला आणि आजही मुख्य मार्ग मिरजेवरून जातो, कोल्हापूर हा त्याचा फाटा आहे. याचे दोन परिणाम प्रवाशाने लक्षात ठेवावेत. एक तोट्याचा आहे: कऱ्हाड-साताऱ्याकडून येणाऱ्याला रेल्वे मिरजेला वळसा घालून आणते. रस्त्याने कऱ्हाड ते कोल्हापूर साधारण पंचाहत्तर किलोमीटर आहे आणि लोहमार्गाने ते बरेच अधिक पडते. वेळ हाच निकष असेल, तर कऱ्हाडकरांनी सरळ एसटी धरावी, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसरा परिणाम फायद्याचा आहे. परतीच्या अनेक गाड्या इथूनच सुटत असल्यामुळे त्या रिकाम्या लागतात आणि अर्धा-पाऊण तास आधी पोहोचणाऱ्याला आरक्षणाशिवायही खिडकी मिळते. ही चैन मिरजेच्या फलाटावर कधी मिळत नाही.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस अजूनही सर्वांत योग्य आहे. ती मुंबईहून रात्री निघते, मध्यरात्रीच्या सुमारास पुणे सोडते आणि सकाळी कोल्हापुरात पोहोचते. उलट दिशेची गाडी रात्री कोल्हापुरातून निघते. दोन रात्री गाडीत आणि मधला पूर्ण दिवस गावात, असा हा हिशेब आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली पुणे-कोल्हापूर वंदे भारत पाहून अनेकांना मोह होतो, परंतु ती कोल्हापुरातून सकाळी आणि पुण्याहून दुपारी निघते, शिवाय प्रत्येक दिशेने आठवड्यातून तीनच दिवस धावते. पुणेकराला एका दिवसात कोल्हापूर दाखवण्यासाठी ती नाही. कोयना एक्सप्रेसचेही तसेच आहे; मुंबई-पुण्याकडून येताना तिचा सगळा दिवस रुळांवरच जातो.

मिरज-सांगलीकरांचे काम सोपे आहे. मिरजेपासूनचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे, पॅसेंजर किंवा डेमू गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि तिकीट इतके स्वस्त आहे की ते काढताना आपण काही खर्च करतो आहोत असे वाटत नाही. मात्र मिरज-कोल्हापूर मार्ग एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी एखाद्या लहान स्थानकात थांबून राहते, त्यामुळे छापील वेळेवर कोणालाही भेटण्याचा शब्द देऊ नये.

तिकीट

आरक्षण हवे असल्यास तत्काळ कोटा प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतो, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि शयनयानासाठी ११ वाजता. ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आता खाते आधारशी जोडलेले असावे लागते, हे काम निवांत दिवशी उरकून ठेवावे. रात्री उशिरा मन झाले तर तत्काळ हाती नसतोच. अशा वेळी आरक्षणतक्ता तयार झाल्यानंतर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये मिळतात. सुट्ट्या सोडल्या तर आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या मिळण्याची शक्यता चांगली असते.

अनारक्षित तिकिटासाठी मोबाइलवरचे रेल्वेचे रेलवन ॲप सोयीचे आहे, पण त्यातल्या काही अडचणी आधी माहीत असलेल्या बऱ्या. कागदविरहित तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभे राहून काढता येत नाही, म्हणून ते घरून निघतानाच काढावे. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, ते ॲपमध्येच दाखवावे लागते, म्हणजे मोबाइलची बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे. दोनशे किलोमीटरच्या आतील अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो, तेव्हा परतीचे तिकीट सकाळी काढून ठेवण्याचा शहाणपणा करू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे पॅसेंजरचे तिकीट एक्सप्रेस गाडीत चालत नाही. संध्याकाळी कोणती गाडी आधी सुटेल याची खात्री नसेल, तर थोडे पैसे जास्त देऊन एक्सप्रेसचे तिकीट काढलेले परवडते.

पावसाळ्यात पंचगंगेची पातळी पाहावी

जुलै-ऑगस्टमध्ये निघणार असाल, तर रेल्वेच्या वेळापत्रकाआधी राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी पाहावी. इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापुरात शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात, आणि नसतील तर त्याने पावसाळा वसतिगृहात काढलेला नसावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता आणि रेल्वेही विस्कळीत झाली होती. पातळी पस्तीस फुटांच्या वर सरकत असेल आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल, तर सहल पुढे ढकलावी. एरवी साध्या जोराच्या सरीनेही परीख पुलाखाली आणि व्हीनस कॉर्नरला पाणी साचते, तेव्हा पायात चामड्याचे बूट नकोत.

गाडीत

पुण्याहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्याने मिरज गेल्यावर झोपून राहू नये, कारण खरा प्रवास तिथून सुरू होतो. मिरज सोडल्यावर गाडी कृष्णा ओलांडते, मग जयसिंगपूर येते. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले हे गाव, सरळ काटकोनात आखलेल्या रस्त्यांचे. तिथले भडंग डब्यात चढले की ते घेणे टाळता येत नाही आणि टाळूही नये. फक्त पुढे मिसळ आहे याचे भान ठेवावे. हातकणंगलेला इचलकरंजीकडे जाणारे उतरतात आणि बसायला जागा होते. त्यानंतर उजवीकडची खिडकी धरावी. हवा स्वच्छ असेल तर जोतिबाचा डोंगर दिसू लागतो, आणि माझ्यासारख्यांना "आलो" असे वाटण्याची जागा हीच आहे. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल लागतो.

नंतरचे वळिवडे, म्हणजे गांधीनगर, विद्यार्थिदशेत आम्ही स्वस्त कपड्यांची बाजारपेठ म्हणून ओळखत होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून काही वर्षे, इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, हे मला विद्यापीठ सोडल्यावर कळले. दोन वर्षे त्या स्थानकावरून ये-जा करूनही कळले नव्हते, याची थोडी लाज वाटते.

उतरल्यावर

सामान एका खांद्यावरच्या पिशवीत मावेल एवढेच असावे: पाण्याची बाटली, छत्री, ओळखपत्र, चार्जर. जुने विद्यापीठाचे ओळखपत्र जपून ठेवले असेल तर तेही घ्यावे. त्याला कायदेशीर किंमत काही नाही, पण प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाशी बोलणे त्यामुळे सोपे होते.

स्थानकाच्या मुख्य दाराने बाहेर पडले की रिक्षा आणि शाहूपुरी समोर येते. मध्यवर्ती बसस्थानक चालत दहा मिनिटांवर आहे आणि विद्यापीठाकडे जाणारी केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, त्या बाजूला मिळते. मी मात्र सकाळच्या गारव्यात चालत जाण्याचा सल्ला देईन. रुळांच्या पलीकडे गेले की राजारामपुरी सुरू होते, आणि विद्यार्थ्यांचे कोल्हापूर म्हणजे मुख्यतः राजारामपुरीच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. पेठांत राहणारा आपल्या तालमीचे नाव सांगतो, बाहेरगावचा विद्यार्थी आपल्या गल्लीचा आकडा सांगतो.

नाश्ता आधी उरकावा. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे यांची मिसळ वाटेत थोडी वाकडी वाट करून घेता येते. तिथे गर्दी असते, म्हणून शक्य तितके लवकर पोहोचावे. पुण्यात काही वर्षे राहिलेल्यांना एक सूचना: कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, जपून मागावा. विद्यार्थी असताना आपण तीन वेळा कट घेत होतो हे खरे असले, तरी ते पोट आता आपल्याकडे नाही आणि पुढे दिवसभर चालायचे आहे.

मिसळीनंतर राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याने जनता बाजार, माउली चौक आणि पुढे सायबर चौक अशी वाट धरावी. आपली खोली ज्या गल्लीत होती तिथे वळावेच. मी गेल्या खेपेस वळलो तेव्हा आमचे जुने बैठे घर जाऊन तिथे चार मजली इमारत उभी होती, पण शेजारच्या काकू त्याच उंबऱ्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. कोणत्या सालचा म्हणून विचारले आणि सांगितल्यावर "म्हंजे दंगा करणाऱ्या पोरांतला की रं तू" म्हणाल्या. अशा थांब्यासाठी अर्धा तास हिशेबात धरावा, कारण चहा नाकारता येत नाही.

विद्यापीठात: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

दहाच्या सुमारास विद्यापीठात पोहोचणे चांगले, कारण तोवर विभाग उघडलेले असतात आणि ऊन चढलेले नसते. याच कारणासाठी रविवार टाळावा. रविवारी झाडे, मोर आणि बंद दारे दिसतात. झाडे-मोर पुरेसे असतील तर हरकत नाही, पण शिक्षकांना भेटायचे असेल तर आठवड्यातला कामाचा दिवसच हवा.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. सागरमाळावरचा साडेआठशे एकरांहून मोठा परिसर त्या वेळी उजाड माळ होता. आज तिथे दिसणारी दाट झाडी माणसांनी लावलेली आहे. हे सांगण्याचे कारण असे की आपण शिकत असताना ज्या झाडाला जेमतेम सावली होती, ते आता ओळखू येत नाही आणि विभागाची वाट चुकते. मुख्य इमारतीसमोरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून सुरुवात केली की दिशा लागते. पुतळ्याकडे तोंड करून विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी छायाचित्रे काढली आहेत. एक आपणही काढावे आणि पुढे जावे.

यानंतर आपला विभाग. शिक्षकांना भेटायचे असेल तर रेल्वेतूनच दूरध्वनी करावा. फार आधी कळवले तर ते स्वागताची तयारी करतात, अजिबात न कळवता गेले तर ते तासावर असतात. निवृत्त झालेल्या सरांच्या घरी जायचे असल्यास त्या दिवसातले दुसरे काहीतरी वगळावे लागेल, आणि माझ्या मते ते खुशाल वगळावे. सरांच्या घरी मला एकदा तीन तास लागले. त्या दिवशी मी दुसरे काहीच पाहिले नाही आणि माझ्या सगळ्या फेऱ्यांत ती फेरी सर्वांत चांगली झाली.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आत जाण्यासाठी माजी विद्यार्थ्याला परवानगी विचारावी लागते. नम्रपणे विचारावे. वाचनकक्षात बसलेल्या मुलांना आपल्या काळाच्या गोष्टी सांगू नयेत. ती स्पर्धापरीक्षेच्या तयारीत असतात आणि त्यांच्या दृष्टीने आपण केवळ जागा अडवणारे गृहस्थ असतो. परिसरातच वि. स. खांडेकर यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या या लेखकाच्या वस्तू तिथे जपल्या आहेत. आम्ही शिकत असताना "कधीतरी पाहू" म्हणून ते राहून गेले. माझ्या ओळखीतल्या अनेकांचे असेच झाले आहे. त्यासाठी एक तास ठेवावा.

विद्यापीठालगतच राजाराम महाविद्यालय आहे. १८८० सालचे हे महाविद्यालय पूर्वी गावात, भवानी मंडपाजवळच्या दगडी इमारतीत भरत असे आणि माधव ज्यूलियन, ना. सी. फडके यांच्यासारख्यांनी तिथे अध्यापन केले. कोल्हापूर हे विद्येचे गाव १९६२ मध्ये झाले नाही, ते आधीपासून होते. दुपारचा कार्यक्रम म्हणूनच त्या जुन्या गावाकडे नेणारा असावा.

एखादे प्रमाणपत्र किंवा गुणपत्रकाची प्रत काढण्याचे काम या सहलीत घुसडू नये. मी एकदा घुसडले. तो दिवस एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत गेला आणि जेवणही राहिले.

दुपार: दसरा चौक ते खासबाग

दीडच्या सुमारास जेवावे. तांबडा-पांढरा रस्सा खायचा असेल तर सकाळी मिसळ एकच प्लेट घेतलेली असावी. प्रसिद्ध हॉटेलपेक्षा एखादी विद्यार्थ्यांची खानावळ गाठावी, कारण आपण जी चव आठवतो ती बहुधा खानावळीतलीच असते.

जेवणानंतर केएमटी किंवा रिक्षाने दसरा चौकात उतरावे आणि तिथून पुढे सगळे पायी करावे. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगच्या इमारती या चौकाच्या आसपास दिसतात. खेड्यातल्या मुलाला गावात राहण्याची जागा मिळाली तरच तो शिकेल, हे साधे गणित त्यांनी ओळखले होते. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा याच बोर्डिंगांत राहून शिकले, म्हणून या चौकात केवळ पुतळ्याला नमस्कार करून निघू नये, एखाद्या बोर्डिंगच्या दारात पाच मिनिटे उभे राहावे.

तिथून बिंदू चौक थोड्याच अंतरावर आहे. डॉ. आंबेडकरांचा तिथला पुतळा १९५० साली, त्यांच्या हयातीत बसवलेला आहे आणि शेजारी महात्मा फुले आहेत. पुढे भवानी मंडप, महाविद्यालयाची ती जुनी दगडी इमारत आणि अंबाबाईचे देऊळ. मंगळवार-शुक्रवारी आणि सुट्टीच्या दिवशी दर्शनाची रांग मोठी असते. अशा वेळी मुखदर्शन घेऊन निघावे. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीवर पडतात त्या, दिवसांत संध्याकाळी देवळात गर्दी असते, पण अचानक निघालेल्या माणसाला तो योग आला तर तो सोडू नये.

शेवट खासबागेत. १९१२ सालचे कुस्तीचे मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली. युवा महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ज्यांनी इथे पाहिल्या, त्यांना ती जागा पाहताना बरे वाटणार नाही, तरी जावे. शेजारी राजाभाऊंची भेळ आहे.

पन्हाळा, जोतिबा, न्यू पॅलेस आणि रंकाळा यांची नावे या क्रमात नाहीत, आणि ती मुद्दाम वगळली आहेत. पाहुणे म्हणून येणाऱ्याने ती पाहावीत. एका दिवसात विद्यापीठ आणि पन्हाळा दोन्ही करणाऱ्याच्या पदरात फक्त रिक्षा आणि वडापचा, म्हणजे खासगी जीपचा, प्रवास पडतो. फार तर साडेपाच वाजता रंकाळ्यावर अर्धा तास.

परत

गाडी सुटण्याच्या पाऊण तास आधी स्थानकावर असावे, म्हणजे देऊळ परिसरातून सव्वा तास आधी निघावे. महाद्वार रोडवरून संध्याकाळी रिक्षा बाहेर पडायला लागणारा वेळ नकाशात दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. गूळ किंवा चपला घ्यायच्या असतील तर त्या देवळाकडे जाताना घ्याव्यात, येताना नव्हे.

गंगावेशीत संध्याकाळी डोळ्यांसमोर म्हैस पिळून देतात ते धारोष्ण दूध प्यायचे असेल, तर वेळेचा हिशेब दोनदा करावा. माझी दुसरी फसलेली फेरी याच दुधापायी फसली. पेला संपवून मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा मिरजेकडची गाडी गेलेली होती आणि पुढची मला सोयीची नव्हती. अशा वेळी फलाटावर बसून राहू नये. मध्यवर्ती बसस्थानक दहा मिनिटांवर आहे, सांगली-मिरजेच्या एसटी तिथून सुटतात आणि पुण्याकडच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत मिळतात. सुटे पैसे जवळ ठेवावेत. मला त्या रात्री हातकणंगलेपर्यंत उभे राहावे लागले.